कवडशातली धूळ मोजायची कशी?

वाचकांचे प्रश्न : डोळ्यांचा सल्ला

गेल्या अंकात मी युव्हिआयटिसबद्दल, म्हणजे डोळ्याच्या आत होणाऱ्या दाहाबद्दल, जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा स्तंभ त्यालाच द्यायचं ठरवलं. मी गेली बावीस वर्षं कोल्हापूर-इचलकरंजी भागात हेच रुग्ण बघते. हा आजार मोतीबिंदूसारखा घरोघरी दिसत नाही, पण होतो तो कामाधंद्याच्या वयात किंवा अगदी लहानपणी, आणि वेळेत आवरला नाही तर कायमची नजर नेतो. बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: दाह किती आहे, हे डॉक्टर कशावरून ठरवतात आणि स्कॅननं त्यात काय वेगळं कळतं?

प्रश्न : डॉक्टरताई, मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, वय ४३, राहणार कराडजवळ. दोन वर्षांत उजवा डोळा तीनदा लाल झाला, ठणका लागला, उजेडाकडे बघवेना. पहिल्या खेपेला डोळे आलेत असं समजून मेडिकलमधून थेंब आणले आणि आठ दिवस घालवले. तिसऱ्या खेपेला सकाळी गावातल्या डॉक्टरांनी तपासून कागदावर ‘सेल्स २+’ लिहिलं. त्याच संध्याकाळी, एकही थेंब घालण्याआधी, शहरातल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लिहिलं ‘१+’. आता ते म्हणतात, ओसीटी स्कॅन करून घ्या. एकाच डोळ्याची एकाच दिवशी दोन मापं कशी? आणि स्कॅन खरंच लागतो, की उगाच खर्च?

उत्तर : सर, दोन्ही डॉक्टरांनी नीट तपासलं असणार आणि दोघांचंही लिहिणं आपापल्या जागी बरोबर असू शकतं. कसं ते सांगते. गणिताच्या शिक्षकाला हे लवकर पटेल.

बुबुळाचा रंगीत भाग आणि त्याच्या पुढची पारदर्शक काच यांच्यामध्ये एक छोटीशी पोकळी असते. तिच्यात पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो, सगळा मिळून जेमतेम पाव मिलिलीटर. निरोगी डोळ्यात तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्रथिनं या द्रवात उतरत नाहीत. दाह झाला की भिंती सैल होतात आणि दोन्ही झिरपायला लागतात.

आम्ही खोलीत अंधार करतो आणि स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रातून, उजेडाची एक बारीक, तिरकी पट्टी या पोकळीत सोडतो. जुन्या कौलारू घरात दुपारी कौलाच्या फटीतून कवडसा पडतो, तो आठवा. एरवी न दिसणारी धूळ त्या कवडशात तरंगताना दिसते. डोळ्यातल्या पेशी तशाच दिसतात: पांढरे, चमकते, संथपणे हलणारे कण. आणि घरात चूल पेटलेली असेल तर कवडसाच दुधाळ होतो, उजेडाचा खांब उभा राहिल्यासारखा दिसतो. प्रथिनं झिरपल्यावर डोळ्यातला कवडसा तसा होतो. त्याला आम्ही फ्लेअर म्हणतो. कण म्हणजे सेल्स, धूर म्हणजे फ्लेअर. तुमच्या कागदावर पहिल्याचं माप आहे.

आता हे माप कसं घेतात ते बघा. २००४ साली अमेरिकेत बाल्टिमोरला जगभरचे युव्हिआयटिसचे तज्ज्ञ जमले आणि सगळ्यांनी एकाच भाषेत लिहावं म्हणून एक पट्टी ठरवली. ती पुढच्या वर्षी छापून आली आणि आजही आम्ही तीच वापरतो. उजेडाची पट्टी एक मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद ठेवायची आणि तेवढ्या चौकोनातले कण मोजायचे. एकही नसेल तर शून्य. १ ते ५ असतील तर अर्धा, ६ ते १५ म्हणजे १+, १६ ते २५ म्हणजे २+, २६ ते ५० म्हणजे ३+, आणि पन्नासच्या वर सगळं ४+.

सर, तुम्ही एव्हाना वर्गांतरं तपासली असतील. ती सारखी नाहीत. ५, १०, १०, २५, आणि शेवटचा वर्ग तर उघडाच आहे. साठ कणही ४+ आणि तीनशे कणही ४+. तुमच्या डोळ्यात त्या दिवशी पंधरा-सोळा कण असतील, तर एकानं १५ मोजले आणि दुसऱ्यानं १६ मोजले, एवढ्यावर एक लिहील १+ आणि दुसरा २+.

शिवाय हे कण एका जागी थांबत नाहीत. बुबुळाच्या बाजूचा द्रव अंगाच्या उष्णतेनं कोमट असतो, तो वर चढतो. पुढच्या काचेला हवा लागते, म्हणून तिकडचा द्रव थोडा थंड होऊन खाली उतरतो. पातेल्यात दूध तापताना जसं वरखाली फिरतं, तसं अगदी संथपणे हे चालू असतं. म्हणजे सरकत्या कणांची मोजदाद, अंधारात, समोर पाणी गाळणारा डोळा, आणि बाहेर चाळीस रुग्ण बसलेले.

मी निवासी डॉक्टर होते तेव्हाची गोष्ट आहे. आमच्या सरांनी एका रुग्णाला स्लिट लॅम्पपुढे बसवलं आणि आम्हा चौघांना एकेक चिठ्ठी दिली. एकेकानं बघायचं, आकडा लिहायचा, घडी करायची, बोलायचं नाही. चिठ्ठ्या उघडल्या तर एकीवर अर्धा, दोन चिठ्ठ्यांवर १+, आणि माझ्या चिठ्ठीवर २+. सर कुणालाही रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “यातल्या कुणाच्या आकड्यावर या माणसाचं स्टेरॉइड कमी करायचं, ते सांगा.” तो प्रश्न मी अजून दर ओपीडीत स्वतःला विचारते.

पट्टी बनवणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक होती. म्हणून त्यांनी नियमच केला: दोन पायऱ्या उतरला, किंवा शून्यावर आला, तरच दाह ‘सुधारला’ म्हणायचं, दोन पायऱ्या चढला, किंवा ३+ चा ४+ झाला, तरच ‘बिघडला’. एका पायरीचा फरक बघणाऱ्याच्या नजरेचाही असू शकतो. नियम शहाणपणाचा आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. औषध निम्मं लागू पडत असेल, तर ते या पट्टीवर दिसतच नाही. फ्लेअरचं तर त्याहून अवघड. तिथं मोजणीच नाही, नुसते शब्द आहेत: पुसट, मध्यम, ठळक. एकाचं पुसट ते दुसऱ्याचं मध्यम.

म्हणून यंत्रांकडे वळावं लागलं. धूर मोजायचं यंत्र जपानमध्ये १९८० च्या दशकात तयार झालं. ते डोळ्यात लेझरचा बारीक किरण सोडतं आणि प्रथिनांवर आपटून किती प्रकाश विखुरला ते मोजतं. एका मिलिसेकंदाला किती प्रकाशकण परत आले, असा आकडा येतो. निरोगी डोळ्यात तो एक आकडी असतो. दाहात तो शेकड्यांत जाऊ शकतो. हे यंत्र आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे. माझ्याकडेही नाही.

ओसीटी, म्हणजे प्रकाश वापरून डोळ्याच्या आतल्या थरांचं चित्र घेणारा स्कॅन, मात्र आता जिल्ह्याच्या गावी सहज मिळतं. हे तंत्र १९९१ साली अमेरिकेत, एमआयटीमध्ये जेम्स फुजिमोटो, डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडलं. विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारली की प्रतिध्वनी किती वेळानं येतो, त्यावरून खोलीचा अंदाज येतो. ओसीटी तेच करतं, पण आवाजाऐवजी डोळ्याला जेमतेम जाणवणारा अवरक्त प्रकाश वापरून. प्रकाश इतका वेगवान की त्याच्या प्रतिध्वनीची वेळ घड्याळानं मोजता येत नाही. म्हणून यंत्र त्याचे दोन भाग करतं. एक डोळ्यात जातो, एक यंत्रातल्याच आरशावर. दोन्ही परतल्यावर त्यांच्या लाटा जुळतात का ते बघून खोली काढतं. त्यामुळे पाच-सहा मायक्रॉनपर्यंतचा बारकावा दिसतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. डोळ्याला काही लागत नाही, सुई नाही, क्ष-किरण नाहीत.

या यंत्रानं डोळ्याच्या पुढच्या भागाचं चित्र घेतलं की ती द्रवाची पोकळी काळी दिसते आणि काळ्यावर पांढरे ठिपके. ते ठिपके म्हणजे पेशी. चेन्नईच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये हे ठिपके मोजून स्लिट लॅम्पच्या मापाशी ताडून बघितले होते, आणि पुढची काच धुरकट झालेल्या डोळ्यातही, जिथे आमची नजर पोचत नाही तिथे, ठिपके दिसतात हे दाखवलं होतं. आता संगणक ते आपोआप मोजतो. तो थकत नाही आणि त्याच चित्रावर पुन्हा मोजायला सांगितलं तर तोच आकडा देतो.

डोळ्याच्या मागच्या भागात जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो, साधारण चार मिलिलीटर. दाहानं तो गढूळ होतो. याची जुनी पट्टी १९८५ सालची आहे: आतल्या पडद्याचे फोटो शेजारी ठेवायचे आणि रुग्णाच्या पडद्यावरची नस आणि रक्तवाहिन्या त्यातल्या कोणत्या फोटोइतक्या अंधूक दिसतात ते ठरवायचं. आंबोलीच्या घाटात धुकं किती, हे समोरचा वळणाचा दगड दिसतो की नाही यावरून सांगावं, तसं. २०१४ मध्ये लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या पिअर्स कीन आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट दाखवली. ओसीटीच्या चित्रात पडद्याच्या वरची जेलीची जागा एरवी काळी असते, दाहात ती करडी होते. ते करडेपण त्यांनी संगणकानं मोजलं आणि त्याच चित्रातल्या पडद्याच्या सर्वांत उजळ थराच्या चमकेनं त्याला भागलं. भागायचं अशासाठी की चित्रच फिकं आलं असेल तर दोन्ही फिके होतात आणि गुणोत्तर टिकतं. सर, मला या अभ्यासातली हीच गोष्ट सर्वांत आवडते. मोजपट्टी त्याच चित्रात सापडली.

यंत्रही चुकतं. पांढरी पेशी आणि बाहुली मोठी करताना बुबुळातून सुटलेला रंगाचा कण, दोन्ही ओसीटीत ठिपकेच दिसतात. स्लिट लॅम्पवर मला तो कण तपकिरी दिसतो. ओसीटी पातळ काप घेतं; दोन कापांच्या मध्ये एकच पेशी असेल तर ती सुटते. पेशी खाली बसतात, त्यामुळे काप मधून घेतला की खालून, यावर आकडा बदलतो. मोतीबिंदू दाट असेल तर मागचं चित्रच येत नाही. आणि ठिपके मोजून औषध ठरवायची पट्टी अजून रोजच्या ओपीडीत रुळलेली नाही. म्हणून शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलेलं ओसीटी हे बहुधा पुढच्या पेशी मोजायला नसून मागच्या पडद्यासाठी असणार. ते का, हे मला अनुभवानं शिकवलंय.

काही वर्षांपूर्वी इचलकरंजीचा एक यंत्रमाग कामगार माझ्याकडे होता. वारंवार होणारा दाह. थेंबांनी आणि गोळ्यांनी पुढचा भाग शांत झाला. तीन भेटींत मी कागदावर ‘सेल्स शून्य’ लिहिलं आणि गोळ्या उतरवत नेल्या. तक्त्यावर तो ६/९ वाचत होता, म्हणजे जवळजवळ पूर्ण. चौथ्या भेटीत तो उठता उठता म्हणाला, “मॅडम, डोळा बरा आहे, पण तुटलेला धागा सापडत नाही. आधी लांबून दिसायचा.” त्याच दिवशी ओसीटी केलं. पडद्याच्या मधोमध, जिथं बारीक बघण्याची सगळी ताकद असते, तिथं पाण्याच्या पिशव्या झालेल्या. पुढचा कवडसा स्वच्छ, मागे सूज. मी महिनाभर आधी स्कॅन करायला हवा होता. गोळ्या पुन्हा वाढवाव्या लागल्या, डोळ्याजवळ एक इंजेक्शनही द्यावं लागलं. सूज उतरली, तो मागावर परतला. पण तो महिना माझ्या चुकीचा होता, आणि तेव्हापासून दाह शांत झाल्यावरही नजर पूर्ण परतली नसेल, तर मी स्कॅनशिवाय गोळी कमी करत नाही. युव्हिआयटिसमध्ये नजर जाण्याचं सर्वांत मोठं कारण हीच मधली सूज आहे, आणि तिची जाडी ओसीटी मायक्रॉनमध्ये सांगतं. आज यंत्राचा सर्वांत भरवशाचा आकडा हाच.

तेव्हा सर, तुमच्या पहिल्या खेपेला स्कॅनची गरज नव्हती. तिसऱ्या खेपेला, नजर अंधूक राहिली असेल किंवा डोळ्यापुढे माशा तरंगत असतील, तर एकदा जरूर करा. तो पुढच्या प्रत्येक वेळी ताडून बघायला उपयोगी पडेल. आणि पत्रात तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट विचारते. सकाळी उठल्यावर कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली असते का, आणि हिंडल्याफिरल्यावर मोकळी होते का? तसं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. असा पुन्हा पुन्हा येणारा, ठणकणारा लाल डोळा आणि मणक्याचा संधिवात यांचं नातं जवळचं आहे. एचएलए-बी२७ नावाची रक्ततपासणी त्यासाठीच असते.

प्रश्न : ताई, मी बेळगावची. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिचा गुडघा सुजला, तेव्हा मुलांचा संधिवात आहे असं निदान झालं. सांध्याच्या डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी डोळे तपासायला सांगितलंय. पण तिचे डोळे पांढरेशुभ्र आहेत, ती कधी चोळतही नाही. सासूबाई म्हणतात, लेकराला उगाच कशाला फरफटवता. वर्षातून एकदा स्कॅन केला तर चालणार नाही का?

उत्तर : नाही चालणार, ताई. कृपा करून तीन महिन्यांची वारी सोडू नका.

मोठ्यांचा दाह ओरडून सांगतो: लाली, ठणका, पाणी. या मुलांचा दाह गुपचूप येतो. डोळा पांढराच राहतो, मूल खेळत राहतं आणि आत कवडशात धूळ जमत असते. पाच वर्षांच्या मुलीला कळत नाही की आपल्याला कमी दिसतंय. तिला वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं. आईच्या लक्षात येतं तेव्हा बाहुली गोल राहिलेली नसते, कारण ती मागच्या भिंगाला चिकटलेली असते, किंवा बुबुळापुढच्या काचेवर आडवा पांढुरका पट्टा चढलेला असतो. सासूबाईंनाही हे वाचून दाखवा. नातीवरच्या मायेपोटीच त्या बोलतायत. वय सातच्या आत, आजार होऊन चार वर्षं झालेली नाहीत, आणि रक्तात एएनए तपासणी पॉझिटिव्ह असेल, तर जोखीम सर्वांत जास्त. तीन महिन्यांचं अंतर त्यासाठीच ठरवलेलं आहे.

स्कॅनचं म्हणाल तर तो मदतीला हवा, पण स्लिट लॅम्पच्या ऐवजी नको. अशा मुलीच्या डोळ्यात दोन-तीनच पेशी असतात आणि पातळ कापांच्या स्कॅनमधून त्या नेमक्या निसटतात. पण स्कॅनचा एक मोठा गुण आहे. तो काही सेकंदांत होतो. माझ्याकडे अशी लेकरं येतात तेव्हा मी आईला खुर्चीत बसवते, मांडीवर मूल, मुलाच्या हनुवटीखाली घडी केलेला रुमाल. यंत्राच्या आत एक बारीकशी चांदणी दिसते. “चांदणी पळून जाईल हं, डोळ्यांनी धरून ठेव,” म्हटलं की बहुतेक मुलं श्वास रोखून बघतात. एक पोरगी तर दर वेळी “आज निळी आहे की हिरवी?” विचारत आत येते. तिचा स्कॅन माझ्या सगळ्या मोठ्या रुग्णांपेक्षा चांगला येतो.

या मुलांमध्ये आणखी एक गोष्ट घडते. औषधांनी पेशी शून्य झाल्या तरी धूर, म्हणजे फ्लेअर, पुष्कळदा राहतो. रक्तवाहिन्यांच्या भिंती एकदा फाटक्या झाल्या की प्रथिनं झिरपतच राहतात. म्हणून जिथं लेझर फ्लेअरचं यंत्र असेल तिथं वर्षातून एकदोनदा तो आकडा घेऊन ठेवण्यात अर्थ आहे. आकडा चढत चालला तर डॉक्टर वेळेत सावध होतात.

दाह सापडलाच तर घाबरू नका, आणि स्टेरॉइडच्या थेंबांवर वर्षानुवर्षं गाडा रेटूही नका. दिवसाला तीन थेंबांच्या वर ते लांबलं की मोतीबिंदूची जोखीम वाढते, डोळ्याचं प्रेशरही चढू शकतं. त्याऐवजी दाह आतून आवरणारं मेथोट्रेक्सेट, आणि ते पुरलं नाही तर अडालिमुमॅबचं इंजेक्शन देतात. ब्रिटनमध्ये अशाच मुलांवर दोन्ही औषधं एकत्र देऊन केलेली चाचणी २०१७ साली छापून आली. इंजेक्शनचा फायदा इतका स्पष्ट होता की ती मुदतीआधीच थांबवली. ती औषधं सांध्यालाही उपयोगी पडतात, म्हणून डोळ्याच्या आणि सांध्याच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायला हवं. ते बोलत नसतील तर तुम्ही एकाचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर ठेवा.

प्रश्न : माझं वय २२, ठाण्यात शिकते. डोळ्याच्या आतल्या दाहासाठी हाताच्या शिरेत रंगाचं इंजेक्शन देऊन फोटो काढले. संध्याकाळी लघवी एकदम केशरी झाली आणि चेहराही पिवळट. कावीळ झाली का? ओसीटी झालेलं असताना हे तरी कशाला?

उत्तर : कावीळ नाही, बाळ. तो फ्लुरेसीन नावाचा रंग मूत्रपिंडातून बाहेर पडतो. एक-दोन दिवसांत सगळं पूर्ववत होतं. पाणी भरपूर पी.

ओसीटी सांगतं की पाणी कुठं साचलंय आणि किती. रंगाच्या फोटोत कळतं की कोणती रक्तवाहिनी गळते. पडद्याच्या कडेच्या रक्तवाहिन्या सुजलेल्या असतील तर मधली जाडी नेहमीसारखी असूनही आजार चालू असतो, आणि आपल्याकडे अशा वेळी दाहामागे क्षय तर नाही ना, याचा विचार करावाच लागतो. छातीचा फोटो आणि क्षयाच्या तपासण्या सांगितल्या असतील तर त्या टाळू नकोस. फोटोंच्या वेळी मळमळलं असेल तर हरकत नाही, ते होतं. पण अंगावर गांधी उठल्या असतील किंवा श्वास लागला असेल, तर ते कागदावर लिहून घे आणि पुढच्या वेळी इंजेक्शनच्या आधी सांग.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, वय ६७, चिपळूण. डाव्या डोळ्याला दाह झाला होता, आता बराच आराम आहे. जुन्या यंत्रावर ओसीटी केलं तेव्हा मधल्या भागाची जाडी २१४ आली होती. परवा मुलाकडे मुंबईला गेलो तिथं केलं तर २७६. म्हणजे सूज वाढली का? डॉक्टर म्हणतात, काही नाही. मला झोप लागत नाही.

उत्तर : काका, झोपा निवांत. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर वाटतंय.

दोन्ही यंत्रं पडद्याची वरची रेघ एकाच ठिकाणी मारतात, पण खालची रेघ वेगवेगळ्या थरावर. जुन्या पद्धतीचं यंत्र ती अलीकडच्या थरावर मारायचं. नवं यंत्र त्याहून खोल, पडद्याच्या अगदी तळाशी मारतं. त्यामुळे त्याच निरोगी डोळ्याचा आकडा जुन्यावर सव्वादोनशेच्या आत आणि नव्यावर पावणेतीनशेच्या आसपास येऊ शकतो. तिकीट तेच, फक्त टप्पा वेगळ्या थांब्यापासून मोजला. नव्या यंत्रांमध्येही एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीशी दहा-वीस मायक्रॉननं जुळत नाही.

आकड्याच्या आधी चित्र बघायचं असतं. मधोमध छोटा खळगा दिसतो का? दिसत असेल तर चांगलं. खळगा भरून आलाय, काळ्या पोकळ्या दिसतायत, असं असेल तर आकडा कितीही असो, डॉक्टरांना पुन्हा विचारा. कागदाच्या कोपऱ्यात यंत्राचं नाव आणि सिग्नलचा आकडा असतो. सिग्नल कमी असेल तर यंत्र रेघा चुकीच्या मारतं आणि जाडी भलतीच दाखवतं.

इथून पुढे शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर स्कॅन करा. आधीचे सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये, तारखेप्रमाणे, घडी न करता ठेवा. घडी बरोबर खळग्यावरच पडते आणि मग मला काही दिसत नाही. मोबाईलवर कागदाचा फोटो काढून पाठवू नका. केंद्रावाल्यांकडून मूळ चित्रांची फाईल पेन ड्राइव्हवर मागून घ्या, म्हणजे पुढचा डॉक्टर रेघा स्वतः तपासू शकेल. आणि तपासणीच्या दिवशी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यानंतर चार-पाच तास जवळचं दिसत नाही आणि ऊन लागतं. त्या दिवशी एकट्यानं बसनं येऊ नका, नातवाला बरोबर घ्या.